मधलं नाव

आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी आज घेणार आहे, आणि आडनावासकट घेणार आहे. रामकिसन म्हस्के. चिकलठाण्याच्या कंपनीत सुपरवायझर. युनियनच्या गेट मीटिंगला माइक हातात आला की सोडत नाही असा माणूस. आणि मी त्यांची बायको, कडूबाई. माझ्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून ही तरी टिकावी या हिशेबानं आईनं नाव ठेवलं कडू. ते नाव जिभेवर उतरलंय, असं माझी जाऊ म्हणते. उतरलं असेल. पण त्या शनिवारी जे झालं ते ऐका आणि मग मला बोला.

खुलताबाद आणि फुलंब्रीच्या मधल्या डोंगरात धारवाडी नावाचं गाव आहे, तिथं धबधबा आहे. लग्न झालं त्या वर्षी ह्यांनी मला तो दाखवायचं कबूल केलं होतं. त्याला सव्वीस वर्षं झाली. मध्ये नणंदांची लग्नं झाली, दिराचा संसार उभा राहिला, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आमच्या प्रणयचं शिक्षण झालं. "धबधबा कुठं पळून चाललाय?" असं हे दर पावसाळ्यात म्हणायचे. तो नाही पळाला. माझी वर्षं मात्र पळाली, त्याचं कुणाला काही नाही.

या वर्षी गाडी घेतली. जुनीच, पण चारचाकी. मग म्हटलं आता बहाणा कसला? धारवाडी घरापासून काही फार लांब नाही, पण रविवारी निम्मं शहर तिथं लोटतं आणि पोलीस फाट्यावरच गाड्या अडवतात. म्हणजे उजाडताना पोचायचं. म्हणजे आदल्या दिवशी जवळ कुठंतरी मुक्काम करायचा. हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारणही सांगते, त्यात लाज कसली? आमचं घर तीन खोल्यांचं. त्यात सासूबाई, दीर, जाऊ, त्यांची दोन मुलं आणि आम्ही. एका खोलीलाही आतून कडी लावायची सोय नाही, कारण सासूबाईंना रात्री कधी पाणी लागेल, कधी बाथरूमला जायचं असेल. मला एक रात्र हवी होती. फक्त मी आणि हा माणूस, आणि मध्ये कुणाची हाक नाही. एवढंच मागितलं होतं.

प्रणय पुण्याला असतो. त्यानं फोनवर सगळं नियोजन हातात घेतलं. "आई, धबधब्याच्या जवळ बेस करा. बेस महत्त्वाचा." आमच्याकडं बेस म्हणजे छान, फक्कड. मी म्हटलं, बेस तर बेस. मग त्यानं हसून समजावलं की बेस म्हणजे मुक्कामाची जागा, जिथून सकाळी निघायचं. शहरातल्या हॉटेलाचं नाव काढताच सासूबाई म्हणाल्या, "घर असताना हॉटेलात? काय चोरून खायचंय का तुमाला?" ह्यांच्या कंपनीतला एकजण धारवाडीचाच. तो म्हणाला, "आमच्या फाट्यावर लई भारी हॉटेल झालंय, तिथंच या." फोटो मागवला तर पत्र्याचं शेड, दोन टेबलं आणि भज्यांची कढई. खेड्यात हॉटेल म्हणजे चहाभज्याचं, हे आम्हीच विसरलो होतो. शेवटी प्रणयनं फुलंब्रीच्या रस्त्यावरचं एक नवंकोरं हॉटेल निवडलं. खोलीतून डोंगर दिसतो, लोकांनी छान छान लिहिलंय, गाडी लावायला जागा. मी हिरवी इरकल नेसले. जावेनं विचारलं, "लग्नाला चाललात का?" मी म्हटलं, "व्हय, माझ्याच."

हॉटेलात शिरलो तर गारेगार, फरशीत तोंड दिसेल असं. काउंटरमागं टाय लावलेला एकजण उभा होता. ह्यांनी रुबाबात बुकिंग दाखवलं. त्यानं दोघांची आधार कार्डं घेतली, उलटसुलट पाहिली आणि परत पुढं सरकवली.

"सॉरी सर. लोकल आयडी चालत नाही."

"लोकल म्हंजी?" मी विचारलं.

"म्हणजे याच जिल्ह्याचं. बाहेरगावचं आधार असेल तरच रूम देतो. पॉलिसी आहे."

"म्हंजी नागपूरच्या माणसाला खोली हाय, अन् इथं जन्मलेल्याला नाय? आमच्याच गावात आमाला जागा नाय?"

"मॅडम, लोकल लोक कशासाठी रूम घेतात ते आम्हाला माहीत असतं," तो म्हणाला आणि हसला. असं हसला की माझ्या अंगावरची इरकल मला जड झाली.

"आम्ही नवरा-बायको हावोत," मी म्हटलं.

त्यानं माझं कार्ड पुन्हा उचललं आणि मोठ्यानं वाचलं. बाजूच्या सोफ्यावर एक कुटुंब बसलं होतं, त्यांनाही नीट ऐकू जावं इतक्या मोठ्यानं. "कडूबाई फकिरा शेजूळ. आणि सर आहेत रामकिसन म्हस्के. तुमच्या मिस्टरांचं नाव तर फकिरा दिसतंय, मॅडम."

आता इथं जरा थांबते, कारण सगळा घोळ इथंच आहे. आपल्याकडं बाईच्या नावाच्या मध्ये आधी बाप असतो आणि लग्न झालं की बापाला उठवून तिथं नवऱ्याला बसवतात. माझ्या नावात तसं झालं नाही. आधार कार्डाचं शिबिर आमच्या माहेरच्या शाळेत लागलं तेव्हा मी तिथं होते. माझे वडील, फकिरा शेजूळ, अंथरुणाला खिळले होते आणि त्यांचं सगळं मी करत होते. शाळेच्या दाखल्यावर जे नाव होतं तेच कार्डावर आलं. नंतर मी ह्यांना हजारदा म्हटलं असेल की एकदा कचेरीत जाऊन नाव बदलून घेऊ. "काय अडलंय त्याच्यावाचून? राहू दे की," हे ह्यांचं उत्तर. आज अडलं होतं.

"फकिरा माझे वडील हायेत," मी म्हटलं. "हे बगा मंगळसूत्र."

"मंगळसूत्र काय, सगळ्याच घालून येतात."

मला बघून सोफ्यावरच्या बाईनं आपल्या मुलीला जवळ ओढलं. मला. सव्वीस वर्षांच्या लग्नाच्या बाईला. माझ्यापासून ती आपली पोरगी वाचवत होती! मी ह्यांच्याकडं पाहिलं. म्हटलं, आता हा माणूस तोंड उघडणार. मॅनेजमेंटच्या तोंडावर कागद भिरकावणारा माणूस, शेजाऱ्याची गाडी चार बोटं आपल्या दारात आली तर गल्ली डोक्यावर घेणारा माणूस. त्यांनी तोंड उघडलं. म्हणाले, "चल, कडू. तमाशा नको."

तमाशा! बायकोची अब्रू काउंटरवर वाचली जाते तो तमाशा नाही. ती बोलली की तमाशा.

गाडीत बसल्यावर मी जे काही बोलले ते सगळं इथं सांगत नाही. "तोंडात काय गूळ धरला व्हता का?" इथून सुरुवात झाली. हे म्हणाले, "लोक बगत व्हते ना आगं." मी म्हटलं, "लोक बगत व्हते म्हनूनच बोलायचं व्हतं." प्रणयला फोन लावला तर तो म्हणाला, "आई, सगळीकडं असंच करतात, तू मनाला लावून घेऊ नको." मनाला लावू नको! मग कुठं लावू? घरी परत चला, असं मी म्हणणार होते. पण घरी जाऊन जावेला काय सांगायचं? आणि खरं तर माझी आशा अजून सुटली नव्हती. खुलताबादला एक घरगुती लॉज आहे, दर्ग्याला येणारी कुटुंबं तिथं उतरतात, असं प्रणयच्या यादीत तळाशी कुठंतरी होतं. म्हटलं, ठीक. एक माणूस चुकला म्हणून सगळी रात्र का सोडायची?

खुलताबादला पोचलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती. जुन्या वेशीच्या आतल्या गल्लीत दुमजली घर, खाली मालकाचं कुटुंब, वर खोल्या. दारात तुळतुळीत दाढी केलेला मोईन नावाचा माणूस होता, मालकीणबाईंचा मुलगा. त्यानं अजून काही विचारलंही नव्हतं. साधं "या, बसा" म्हणाला होता. मी पिशवी घेऊन ह्यांच्या मागंच उभी होते.

हे म्हणाले, "दोन खोल्या द्या. ही माझी बहीण."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मोईननं कार्डं पाहिली आणि माझ्याकडं हात करून अदबीनं म्हणाला, "फकिरा शेजूळ म्हंजे आपाचे शोहर का?"

"व्हय, व्हय. आमचे मेहुणे," हे म्हणाले.

"ते नाय आले?"

"त्यांना सुट्टी नाय मिळाली."

माझा बाप वारला त्याला सहा वर्षं झाली. त्याला सुट्टीच सुट्टी आहे. आणि या माणसानं त्याला वरून खाली आणला, माझा नवरा करून ठेवला आणि रजेचं कारणही सांगून मोकळा झाला. तेही कुणी न विचारता, कुणी न हसता, कुणाचा संशय नसताना. फुलंब्रीच्या रस्त्यावर तो टायवाला मला ह्यांची बायको मानायला तयार नव्हता. इथं ह्यांनीच नाकारलं.

तुम्ही म्हणाल, मग तू का नाही बोललीस? मी स्वतःलाही तेच विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा माझी जीभ टाळूला चिकटली. आणि तो मोईन "आपा, पिशवी इकडं द्या" म्हणत इतक्या आदरानं पुढं झाला की त्याच्या दारात उभं राहून नवऱ्याला खोटारडा म्हणायचं मला सुचलं नाही. जिन्यात हे कुजबुजले, "रूम मिळाली ना? मग झालं. मोईन झोपला की मी येतो तिकडं." चोरासारखं! माझा लग्नाचा नवरा माझ्याकडं चोरासारखा येणार होता. मी दार त्यांच्या तोंडावर लावलं.

खोली लहान होती, स्वच्छ होती. मी पलंगावर बसले आणि रागानं रडले. मग आडवी झाले. अगदी तिरकी, हातपाय पसरून, पलंगाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुणी हाक मारली नाही. बराच वेळ कुणीच हाक मारली नाही, आणि माझा डोळा लागला.

दार वाजलं ते जेवायला चला म्हणून. खाली ओसरीवर मोईनची आई, जहांआरा आपा, स्वतः वाढत होत्या. आमच्यासाठी म्हणून त्यांनी अंबाडीची भाजी, भाकरी आणि ठेचा केला होता. हे आधीच बसले होते आणि माझ्याकडं बघायचं टाळत होते. आपांनी मला शेजारी बसवून घेतलं.

"भाई तुमचा लई दिलदार हाय," त्या म्हणाल्या. "आजकाल बहनला कोन फिरवतो? आमचे भाई तर ईदला बी फोन करत नाय. पन एक इचारू का? भाभीला का नाय आनलं?"

ह्यांचा घास हातातच राहिला. माझ्या आत मात्र काहीतरी मोकळं झालं. संध्याकाळपासून टाळूला चिकटलेली जीभ सुटली.

"सांगा ना, दादा," मी म्हटलं. "वहिनीला का नाय आनलं?"

सव्वीस वर्षांत मी ह्यांना पहिल्यांदाच दादा म्हटलं. ह्यांना ठसका लागला. मोईननं पाणी दिलं.

"मीच सांगते, आपा," मी म्हटलं. "वहिनी लई गुणाची. पर तिला ह्यो मानूस कुटं नेत नाय. लगीन झालं त्या साली ह्येच धारवाडीचं पानी दावतो म्हनला व्हता. ती आजून वाट बगतीया. पहाटं उठती, सासूचं पथ्य करती, दिराचा डबा, जावंची पोरं, मंग समद्यात शेवटी ती खाती. रात्री आडवी झाली की सासूची हाक. तिला म्हाईतच नाय आपा, सलग झोप कशी लागती."

"या अल्ला," आपा म्हणाल्या आणि त्यांनी ह्यांच्याकडं असं पाहिलं की ह्यांनी ठेच्याकडं पाहिलं.

"अन् तिचा बाप आजारी पडला," मी पुढं म्हटलं, आणि इथं माझा आवाज मला नको तसा झाला. "गरीब मानूस. जावयाचं नाव काडलं की उशाला हात टेकून उठून बसायचा. 'रामकिसन आला का?' म्हनायचा. तवा बी दादाला सुट्टी नव्हती. बाप गेला तरी नव्हती, दहाव्याला आला. वहिनी कायबी बोलली नाय. आमची वहिनी मानापानाची हाय, लोकांत तमाशा करत नाय."

जहांआरा आपांनी हातातली भाकरी परातीत ठेवली. मग ह्यांच्याकडं वळून त्या चांगल्याच तापल्या. "भाईजान, बुरा मानू नका. पन बहनला खोली अन् बायकोला चूल, ह्यो कुटला इन्साफ? कल के कल घरी जा, अन् पुढच्या खेपेला तिला घिऊनच या. तवरोक माझ्या दारात नका येऊ."

हे मान खाली घालून बसले होते. मला वाटलं, आता "व्हय, व्हय" म्हणतील आणि हात धुवायला उठतील. तेवढं ह्यांना छान जमतं. पण हे उठले नाहीत. ताट बाजूला सरकवलं आणि म्हणाले, "आनलीय."

"काय?"

"तिला आनलीय मी. हीच ती. बहीन नाय. बायको हाय माझी. कडूबाई." मग मोईनकडं बघून, "फकिरा आमचे मेहुणे नायत. सासरे व्हते. वारले."

मोईनचं तोंड उघडंच राहिलं. आपांनी आधी ह्यांच्याकडं, मग माझ्याकडं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "मंग झूट कशाला बोललात? माझ्या कार्डावर बी बापाचंच नाव हाय. ह्या मोईनला कधी कुनी इचारलं का, ह्यो तुजा आजा का तुजा बाप? खरं बोलला असता तरी खोली भेटली असती की!"

फुलंब्रीच्या रस्त्यावर काय झालं ते मग ह्यांनी सगळं सांगितलं. टायवाला, मंगळसूत्र, सोफ्यावरची बाई. "मला लाज वाटली," असं म्हणाले. "परत कुनी हिला तसलं काय बोलू नये म्हनून मी आधीच..." पुढचं वाक्य ह्यांना सापडलं नाही. मी मदत केली नाही. माझ्यावर चिखल उडू नये म्हणून मला घरातूनच काढून टाकायचं, ही कुठली रीत? तसं मी तोंडावर म्हटलंही. आपा म्हणाल्या, "बोल बेटा, बोल, आज सगळं बोल." पण माझं बोलून झालं होतं.

शेवटी आपा हसल्या, डोळे पुसले आणि ह्यांच्यापुढं हात केला. "लाओ, एक चावी इकडं द्या. मियाँ-बीवीला दोन खोल्या कशाला?"

ह्यांनी खिशातून आपली चावी काढली. चेहरा असा की जणू संपात जिंकले. खरंच सांगते, संध्याकाळी हीच चावी ह्यांनी अशी परत दिली असती तर मी तिथंच माफ केलं असतं. सकाळपासून मला तेवढंच तर हवं होतं.

"राहू द्या, आपा," मी म्हटलं. "दोन्ही राहू द्या."

"आगं पर आता तर सांगितलं ना मी," हे म्हणाले. "समद्यांसमोर सांगितलं."

"सांगितलं. ऐकलं मी." मी उठले, हात धुतले, आपांचा निरोप घेतला. हे जिन्यावरून माझ्या मागंमागं आले आणि माझ्या दाराशी उभे राहिले. गरीब दिसत होते. माझ्या बापाची आठवण काढल्यामुळं असेल, नाहीतर ठेच्यामुळं असेल, डोळे लाल झाले होते.

"सकाळी धबधब्याला तरी येशील ना?" त्यांनी विचारलं.

"येईन की. उजाडायच्या आत दार वाजवा," मी म्हटलं. "मी आतून 'कोन?' म्हनून इचारीन. काय सांगायचं ते आत्ताच ठरवून ठिवा."

आणि मी कडी लावली.